पाण्याला ओढ होती

मी पोहायला शिकले ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तेही मेलबर्नला. आजोळ कोकणातलं, मागचं दार उघडलं की समुद्राची गाज ऐकू यायची, पण पाणी घोट्याच्या वर आलं की मागे फिरायचं हा आम्हा मुलींना नियम, आणि तो मी चाळीस वर्षं इमानदारीत पाळला. इथे आल्यावर लेकीला शाळेतून पोहायला न्यायला लागले, ती सात वर्षांची पोर सुळकन या टोकाहून त्या टोकाला जाते आणि आई काठावर टॉवेल धरून बसलेली, शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि ग्लेन आयरिसच्या पूलमध्ये नाव घातलं. सिमेंटचं रांगडं बांधकाम आहे, बाहेरून पूल वाटतच नाही. पाटीवर नाव, हॅरोल्ड होल्ट स्विम सेंटर. म्हटलं असतील कुणीतरी जुने ऑलिम्पिकवाले.

चेंजिंग रूममध्ये सत्तरीपुढच्या एक आजी नेहमी भेटायच्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "अगं तो आमचा पंतप्रधान होता. समुद्रात पोहायला गेला तो परत आलाच नाही. सापडलाच नाही कधी." मग माझा चेहरा बघून खो खो हसत सुटल्या. "आणि आम्ही त्याच्या नावाने काय बांधलं, तर पूल!"

मला वाटलं नवीन बाई बघून फिरकी घेतायत. घरी येऊन शोधलं तर सगळं खरं निघालं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून तो माणूस डोक्यातून गेलेलाच नाही.

तारीख १७ डिसेंबर १९६७, रविवार. होल्टचं वय ५९, पंतप्रधान होऊन बावीस-तेवीस महिने झालेले. १९३५ पासून खासदार, म्हणजे आयुष्याची बत्तीस वर्षं संसदेत, आणि मेन्झिससारखा वडाच्या झाडाएवढा नेता निवृत्त झाल्यावर जानेवारी १९६६ ला एकदाची खुर्ची मिळालेली. व्हिएतनामच्या युद्धात त्याने सैन्य वाढवलं, वॉशिंग्टनला जाऊन 'ऑल द वे विथ एलबीजे' (एलबीजे म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन) म्हणून आला आणि ते वाक्य पुढे त्याला जन्मभर चिकटलं. (जन्मभर म्हणजे दीड वर्षच.) ते सगळं मला आवडतं असं नाही. पण याच माणसाच्या सरकारने मार्च १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांनाच देशात घ्यायच्या धोरणाला पहिलं मोठं भगदाड पाडलं, शिक्षण आणि कामाचं कौशल्य असलेल्या बिगरयुरोपीय लोकांना यायची वाट उघडली, नागरिकत्वासाठी त्यांना पंधरा वर्षं थांबावं लागायचं ते पाचवर आणलं. धोरण पूर्ण गाडलं ते पुढे पंतप्रधान व्हिटलमने १९७३ मध्ये, पण दार किलकिलं याने केलं. म्हणजे मी इथे टाइल्सना धरून पाय मारतेय त्यात या बुडालेल्या माणसाचा थोडाफार हात आहे, हे कळल्यावर आमचं जरा नातंच जुळलं.

आणि पाण्याचं वेड म्हणाल तर विचारू नका. स्नॉर्केल लावून, भाल्याची बंदूक घेऊन पाण्याखाली मासे मारायचा. संसदेत कुणाचं रटाळ भाषण चालू असलं की बाकावर बसल्या बसल्या श्वास रोखून धरायची प्रॅक्टिस करायचा म्हणे. एक फोटो फार गाजलेला आहे, रबराचा काळा वेटसूट घातलेला पंतप्रधान आणि बाजूला बिकिनीतल्या तीन सुना. आपल्याकडे त्या काळातल्या कुठल्या पंतप्रधानाचा असा फोटो डोळ्यासमोर आणून बघा.

तर तो रविवार. बायको झारा कॅनबेरात, हा पोर्टसीच्या आपल्या समुद्रकाठच्या घरी. सकाळी स्वतः गाडी चालवत गावातल्या दुकानात गेला आणि डास पळवायचं औषध, शेंगदाणे आणि पेपर घेऊन आला. मला सगळ्या गोष्टीत हीच यादी सगळ्यात जास्त छळते. डासांचं औषध घेणारा माणूस संध्याकाळी अंगणात बसायचा विचार करत असतो ना? आत्महत्येच्या थिअऱ्या पुष्कळ निघाल्या, कारण ते वर्ष त्याला वाईट गेलं होतं, सरकारी विमानांच्या वापरावरून संसदेत शोभा झाली होती, सिनेटच्या निवडणुकीत फटका बसला होता, पक्षात कुजबुज सुरू होती. असेलही खचलेला. पण शेंगदाणे?

अॅलेक रोझ नावाचा इंग्रज एकटाच शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला, तो त्या दिवशी खाडीच्या तोंडातून आत येणार होता, ते बघायला होल्ट मित्रमंडळींबरोबर पॉइंट नेपियनला गेला. बॉडीगार्ड नाही, पोलीस नाही, काही नाही. बोट दुरून बघून झाली, ऊन कडक, परतताना म्हणाला चेव्हियट बीचवर जरा पोहून घेऊ. तो सगळा भाग लष्कराच्या ताब्यातला, सामान्य लोकांना बंद, पण पंतप्रधानाला कोण अडवणार. समुद्र त्या दिवशी खवळलेला होता. बरोबरचे म्हणाले आज नको. हा म्हणाला हा किनारा मला माझ्या तळहातासारखा माहितीये, आणि उतरला. निळी चड्डी, आणि पायात कॅनव्हासचे बूट, त्यांना लेस नव्हत्या.

खांदा दुखत होता त्याचा तेव्हा, डॉक्टरांनी पोहू नका असं सांगितलेलं. त्याच वर्षी मे महिन्यात स्नॉर्केलमध्ये पाणी शिरून याच बीचवर जवळजवळ बुडाला होता, मित्रांनी बाहेर काढलं. त्याच्या प्रेस सेक्रेटरीने कधीतरी काळजी बोलून दाखवली तर म्हणाला, अरे पंतप्रधान बुडून मरायची किंवा शार्कने खायची शक्यता असून असून किती असणार? आता हे वाक्य वाचून आपण मान हलवतो, पण हिशेबाने त्याचं काही चुकलं नव्हतं.

बरोबरचा एक तरुण त्याच्या मागून पाण्यात उतरला होता. पायाखालची ओढ लागल्यावर तो उथळातच थांबला आणि म्हणून आपल्याला सांगायला राहिला. 'ओढ' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आमचा मामा किनाऱ्यावर उभा राहून नुसतं पाण्याकडे बघायचा, मिनिटभर काही बोलायचा नाही आणि मग म्हणायचा, "आज ओढ आहे, जाऊ नका." लाटा मोठ्या असायच्याच असं नाही, कधीकधी तर पाणी निवांत दिसायचं. होल्ट पोहत पोहत बाहेर गेला आणि पाणी उकळायला लागावं तसं त्याच्याभोवती घुसळलं. काठावरच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं की एखादं पान वाहून जावं तसा तो गेला, इतक्या पटकन. हात वर केला नाही, ओरडला नाही. मग नुसतंच पाणी.

पॉइंट नेपियनला मी गेले ते दोन वर्षांपूर्वी. मेलबर्नहून गाडीने दीड-दोन तास. आता तिथे नॅशनल पार्क आहे, सायकली मिळतात, नवरा आणि लेक सायकलवर पुढे गेले आणि मी चालत. रस्त्याच्या कडेला पाट्या लावल्यात की वाट सोडून आत जाऊ नका, जुने न फुटलेले तोफगोळे आहेत. पलीकडच्या टोकाला जुना किल्ला आहे, त्याच्या तोफेने ५ ऑगस्ट १९१४ ला एका जर्मन जहाजासमोर गोळा टाकला, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याकडून झालेला तो पहिला बार. होल्टचा सहावा वाढदिवस होता त्या दिवशी. ह्याला काही अर्थ नाहीये, पण मी अशा गोष्टी लक्षात ठेवते.

चेव्हियट बीचवर आजही उतरू देत नाहीत, वरूनच बघायचं. मला वाटलं होतं काहीतरी भयाण दिसेल. तर छोटासा बीच, पिवळी वाळू, पाण्यात काळ्या खडकांच्या लाद्या, त्यांच्यामधून पांढरा फेस आत येतोय आणि बाहेर जातोय. नाव पडलं तेच मुळी १८८७ मध्ये इथे फुटलेल्या चेव्हियट नावाच्या बोटीवरून, ३५ माणसं गेली होती त्यात. बाजूलाच खाडीचं तोंड, अख्ख्या पोर्ट फिलिप खाडीचं भरती-ओहोटीचं पाणी त्या एका फटीतून आतबाहेर करतं, त्याला इथे नावच आहे 'द रिप'. मी तिथे उभी राहून मामासारखं पाण्याकडे बघायचा प्रयत्न केला. मला काही कळलं नाही. लेक म्हणाली, "आई, इथे मी पण पोहू शकेन." मी तिला असं काही झापलं की बिचारी गाडीत बसेपर्यंत बोलली नाही माझ्याशी.

शोध मात्र न भूतो न भविष्यति झाला. हेलिकॉप्टर, बोटी, पाणबुडे, पहिल्याच संध्याकाळपर्यंत दोनशेच्या घरात माणसं आणि मग तीनशेच्या वर. मामा म्हणायचा समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही, तिसऱ्या दिवशी आणून टाकतो. या समुद्राने ठेवून घेतलं. ५ जानेवारीला शोध अधिकृतपणे थांबवला, तोवर बूटसुद्धा नाही, चड्डीची चिंधीसुद्धा नाही.

पण गंमत बघा, शोध चालू असतानाच खुर्ची भरलेली होती. रविवारी दुपारी माणूस दिसेनासा झाला, सोमवारी रात्री गव्हर्नर जनरलने त्याची नेमणूक संपल्याचं जाहीर केलं, मंगळवारी मॅक्युएनने हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. पाणबुडे पाण्यात आणि इकडे शपथ. शुक्रवारी, २२ तारखेला, मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये शोकसभा, लिंडन जॉन्सन आले, ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन आले, राजपुत्र चार्ल्स आले. शवपेटी नव्हती, कारण आत ठेवायला कुणी नव्हतं. जानेवारीत गॉर्टन पंतप्रधान झाला, तो होता सिनेटमध्ये, त्याला खालच्या सभागृहात यायचं होतं, तर कुठली जागा रिकामी आहे? हिगिन्स, होल्टची. फेब्रुवारीत पोटनिवडणूक, आला निवडून. दोन महिन्यांत खुर्ची पण गेली आणि मतदारसंघ पण. आता तर २०२५ च्या निवडणुकीपासून हिगिन्स नावाचा मतदारसंघच नकाशावर राहिलेला नाही.

मी आधी वाचलं तेव्हा मला हे फार क्रूर वाटलं होतं. आता नाही वाटत. देश चालायला पाहिजे, सही करायला कुणीतरी हवं. खटकतं ते दुसरंच. खुर्चीला दोन दिवस पुरले, पण 'हा माणूस बुडून मेला' असं कागदावर लिहायला अडतीस वर्षं लागली. कारण व्हिक्टोरियाच्या तेव्हाच्या कायद्यात देह नसेल तर कोरोनरची (म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशीच होत नव्हती. १९८५ मध्ये कायदा बदलला. मग बऱ्याच वर्षांनी पोलिसांनी जुन्या फायली काढल्या आणि सप्टेंबर २००५ मध्ये कोरोनरने निकाल दिला, अपघाताने बुडून मृत्यू.

मधल्या त्या अडतीस वर्षांत काय काय उगवलं! कुणी म्हणे सीआयएने मारला कारण तो व्हिएतनाममधून माघार घेणार होता. कुणी म्हणे कुठेतरी लपून दुसऱ्या नावाने राहतोय. सगळ्यात भारी थिअरी १९८३ ची, एका ब्रिटिश पत्रकाराने अख्खं पुस्तक लिहिलं की होल्ट तरुणपणापासून चीनचा हेर होता आणि त्या दिवशी चिनी पाणबुडीतून आलेले लोक त्याला खालच्या खाली घेऊन गेले. झाराला विचारलं तर ती म्हणाली, चिनी पाणबुडी? अहो त्याला चायनीज जेवणसुद्धा आवडायचं नाही! बाईला मानलं मी तिथेच. इथल्या बोलण्यात 'हॅरोल्ड होल्ट करणं' म्हणजे गुपचूप सटकणं, यमक जुळतं ना 'बोल्ट'शी, म्हणजे पळ काढण्याशी. ऑफिसमध्ये शुक्रवारी तीनची मीटिंग असली की आमचा एक सहकारी हमखास हॅरोल्ड होल्ट करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले नव्हते, आता हसते.

या थिअऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. एकोणसाठ वर्षांचा, खांदा दुखणारा, जरा फुशारकी मारायची सवय असलेला माणूस खवळलेल्या पाण्यात उतरला आणि बुडाला, बस. कोकणात दर पावसाळ्यात चार जण असे जातात. पण लोकांना ते पचत नाही हेही मला कळतं, आणि ते कळायला मला ऑस्ट्रेलियात यायची गरज नव्हती, मी मराठी आहे. आपल्याकडे पानिपत आहे की! १४ जानेवारी १७६१, विश्वासराव पडले तशी भाऊसाहेबांनी हत्ती सोडून घोडा जवळ केला आणि गर्दीत घुसले, त्यानंतर भाऊ कुणाला दिसले नाहीत. पुढे मुंडकं नसलेलं एक धड सापडलं, ओळख पटवली, दहन केलं, पत्रात 'दोन मोत्ये गळाली' आलं. पण पुण्यात पार्वतीबाईंनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, केस उतरवले नाहीत. आणि जिथे अशी एक माणूसभर जागा मोकळी राहते तिथे तोतया येतोच. एक कनोजी ब्राह्मण भाऊ बनून आला, कैदेत पडला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला तर कोकणातले किल्ले भराभर त्याच्या बाजूला गेले, शहाणीसुरती माणसं त्याला मुजरे करायला लागली. शेवटी पकडून पुण्यात देहदंड दिला तेव्हा कुठे ते मिटलं. म्हणजे पानिपतानंतर पंधरा वर्षांनी! चिनी पाणबुडीलाही पंधराच-सोळा वर्षं लागली. बहुतेक तेवढ्यात ज्यांनी प्रत्यक्ष बघितलं ते थकतात आणि ज्यांनी ऐकलंय ते बोलायला लागतात.

नेताजींचं तर काय सांगायचं. शाहनवाज समिती, खोसला आयोग, मग मुखर्जी आयोग. पहिल्या दोघांनी विमान अपघात मान्य केला, तिसऱ्याने २००५ मध्ये अमान्य केला, आणि सरकारने तिसऱ्यालाच अमान्य केलं. त्याच २००५ मध्ये होल्टची फाइल बंद होत होती. मला आयोगांपेक्षा जास्त बोलकी वाटते ती भारतरत्नची भानगड, १९९२ मध्ये जाहीर झालं आणि त्यात 'मरणोत्तर' हा एक शब्द होता. त्या एका शब्दावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९७ मध्ये ती घोषणाच रद्द धरली गेली.

आपल्या धर्मशास्त्राने मात्र याचा विचार फार बारकाईने केलेला आहे, माझी आजी सांगायची. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस घालायचे. आणि समजा इतकं करून तो परत आला तर? तर त्याची पण सोय आहे, त्याला नव्याने जन्मलेला धरायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा, आणि बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा. लहानपणी मला हे जाम विनोदी वाटायचं. चेव्हियटच्या त्या कठड्यापाशी उभी असताना आठवलं तेव्हा नाही वाटलं.

पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या. बावीस वर्षं सवाष्ण म्हणून जगल्या आणि त्या गेल्यावर नवरा-बायकोचं क्रियाकर्म बरोबरच झालं. झाराने १९६९ मध्ये दुसरं लग्न केलं, एका खासदाराशीच. लोक बोललेच असतील, ते कुठे सोडतात. मी दोघींपैकी कुणाला बरोबर-चूक म्हणणार नाही. झारा गेली १९८९ मध्ये, म्हणजे कोरोनरचा कागद तिने बघितलाच नाही, आणि तिला त्याची गरज होती असंही मला वाटत नाही.

एक आकडा मात्र मी इतका वेळ सांगितला नाही. पोलिसांनी जुन्या फायली काढल्या म्हटलं ना, त्या होत्या १६१. सगळ्या १९८५ च्या आधीच्या, सगळ्या पाण्यात गेलेल्या आणि देह न मिळालेल्या माणसांच्या. होल्ट त्यातला एक. उरलेल्या १६० जणांसाठी ना हेलिकॉप्टर आली ना राजपुत्र, त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, त्यांना कुणी हेर ठरवलं नाही. कुणी गळ टाकायला खडकावर गेला असेल, कुणी दोस्तांबरोबर पैज लावून उतरला असेल. घरी कुणीतरी पंचवीस-तीस वर्षं फोनची बेल वाजली की एक क्षण थांबत असेल. मी ह्या आकड्यापाशी येऊन जी अडकले ती अडकलेच, त्यापुढे मला होल्टबद्दल नवीन काही वाचावंसं वाटलं नाही.

चेव्हियटच्या समुद्रतळाला एक पाटी ठोकलेली आहे, त्याचं समुद्रावर प्रेम होतं आणि तो इथेच कुठेतरी १७ डिसेंबर १९६७ ला दिसेनासा झाला अशा अर्थाची. 'इथेच कुठेतरी' असं म्हणणारी पाटी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. आणि लावलीय पाण्याखाली, वाचणार कोण, तर मासे.

मी आता पन्नास मीटर न थांबता जाते. श्वास अजून लागतो, खोल पाण्यात पायाखाली काही नाही ही जाणीव झाली की पोटात गोळा येतोच, पण जाते. शेवटच्या बॅचला गेलं की एक बघायला मिळतं, पूल बंद करायच्या वेळी सगळे बाहेर पडल्यावर लाइफगार्ड पोरगा काठाकाठाने पूर्ण चक्कर मारतो आणि तळ बघत जातो. घाई नाही, मोबाइल नाही. परवा त्याला तिसऱ्या लेनपाशी एक चप्पलजोड दिसला. त्याने आधी पाण्यात वाकून बघितलं, मग चेंजिंग रूमच्या दाराशी येऊन मोठ्याने विचारलं, कुणाच्या आहेत? कुणी बोलेना. मी केस पुसत होते, तशीच अनवाणी बाहेर आले आणि म्हटलं, माझ्या, माझ्याच आहेत.